काच घेण्याआधी ऊन ओळखा

मुंबई, ठाणे, पुण्याच्या नव्या टॉवरांमध्ये दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काचेची असते. घर पाहायला जातो तेव्हा सकाळची वेळ असते, समोर खाडी नाहीतर टेकडी दिसते आणि मन तिथेच बसतं. राहायला गेल्यावर एप्रिल उजाडतो. दुपारी चारनंतर सोफ्यावर बसवत नाही, टीव्ही दिसत नाही, एसी चालूनही खोली थंड होत नाही. मग दिवसभर जाड पडदे ओढलेले आणि भरदिवसा दिवे लावलेले. ज्या दृश्यासाठी जादा पैसे मोजले, तेच पडद्याआड जातं. अशा घरात ‘बटण दाबलं की गडद होणारी काच’ ही कल्पना कुणालाही भुरळ घालेल. ती खरीही आहे. पण या नावाखाली बाजारात वेगवेगळ्या गुणांच्या वस्तू मिळतात आणि घाईत भलतीच घरी येते.

खिडकीतून आत काय येतं?

पश्चिमेच्या भिंतीत सहा फूट बाय चार फुटांची, म्हणजे साधारण सव्वादोन चौरस मीटरची एक खिडकी घेऊ. उन्हाळ्यात संध्याकाळी चारच्या सुमारास निरभ्र आकाश असेल, तर त्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण सहाशे वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. पूर्ण खिडकीचा हिशेब तेराशे वॅटच्या आसपास जातो.

त्यातली किती आत येते, हे एका आकड्यावरून कळतं. त्याला सौर उष्णता गुणांक म्हणतात. काचेच्या माहितीपत्रकात तो ‘एसएचजीसी’ म्हणून छापलेला असतो. साध्या पारदर्शक काचेचा हा आकडा ०.८ च्या थोडा वर असतो. म्हणजे हजारभर वॅट घरात. एक हजार वॅटची इस्त्री खोलीच्या मधोमध तापवून ठेवावी, तसाच हा प्रकार. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद या एका खिडकीशी झुंजण्यात जाते.

दुसरा आकडा ‘व्हीएलटी’चा. काचेतून किती टक्के उजेड आत येतो, ते तो सांगतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले, की काच कळते. उजेड भरपूर आणि उष्णता कमी, ही कसोटी. नुसती काळी दिसणारी काच या कसोटीला उतरतेच असं नाही. काळा रंग उजेड अडवतो, पण स्वतः तापतो आणि ती उष्णता थोडी थोडी खोलीत सोडत राहतो.

एक नाव, चार वस्तू

पहिली आणि खऱ्या अर्थाने रंग बदलणारी, ती इलेक्ट्रोक्रोमिक काच. काचेवर काही अतिशय पातळ थर असतात, त्यात बहुधा टंगस्टन ऑक्साइडचा थर मुख्य. काही व्होल्टचा मंद दाब दिला, की लिथियमचे आयन एका थरातून या थरात सरकतात आणि काच निळसर गडद होते. उलटा दाब दिला, की ते परत जातात. टंगस्टन ऑक्साइडच्या थराचा हा गुण १९६९ मध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सत्येन देब यांनी अमेरिकेत दाखवून दिला. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनमधील क्लास ग्रानक्विस्ट यांच्यासारख्या संशोधकांनी तो इमारतींच्या खिडक्यांकडे वळवला. बोइंगच्या ड्रीमलायनर विमानातून प्रवास केलेल्यांनी हे तंत्र पाहिलं आहे: तिथे खिडकीला सरकतं झाकण नसतं, खालचं बटण दाबल्यावर काच हळूहळू निळी होत जाते.

चांगल्या प्रतीच्या अशा काचेत उजेड साधारण ६० टक्क्यांपासून १ टक्क्यापर्यंत खाली आणता येतो आणि उष्णता गुणांक ०.४ वरून ०.१ च्याही खाली जातो. आपल्या खिडकीतून हजार वॅटऐवजी सव्वाशे वॅट आत येतील. गडद असतानाही बाहेरचं दिसतं. मात्र हा बदल दिवा लावल्यासारखा चटकन होत नाही. मोठ्या काचेला दहा-वीस मिनिटं लागतात. आणि रात्री आत दिवे लागले, की या काचेचा पक्का आडोसा मिळत नाही.

दुसरी पीडीएलसी. आपल्याकडे ‘स्मार्ट ग्लास’ किंवा ‘स्मार्ट फिल्म’ म्हणून सर्वांत जास्त विकली जाते ती हीच. दोन थरांमध्ये द्रवस्फटिकांचे बारीक थेंब असतात. वीज चालू असताना ते एका दिशेने लागतात आणि काच पारदर्शक दिसते; वीज बंद झाली, की ते विस्कटतात आणि काच क्षणात दुधी होते. आडोशासाठी उत्तम, दिवसा आणि रात्री सारखाच. पण उष्णतेच्या बाबतीत हिच्यावर भिस्त ठेवू नये. ती उजेड अडवण्यापेक्षा विखुरते जास्त. विखुरलेला उजेडही आतच येतो आणि त्याच्यासोबत उष्णताही. न्हाणीघर, स्टडी, शेजारच्या इमारतीकडे उघडणारी बेडरूम, अशा ठिकाणी ती शोभते. पश्चिमेचं ऊन रोखायला ती आणली, तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

तिसरी एसपीडी. हिच्यात प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण तरंगत असतात. वीज दिली की ते रांगेत येतात आणि काच उजळते. वीज गेली की ती गडद होते. बदल चटकन होतो. महागड्या मोटारींच्या छतांत ही वापरली गेली आहे, घरांत फारशी दिसत नाही.

चौथ्या गटात वीज न लागणाऱ्या काचा येतात. काही उन्हाने तापल्यावर गडद होतात, काही प्रकाशाने. तार नाही, बटण नाही, पण आपल्या हातात ताबाही नाही.

निवड करताना आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: वीज गेली तर काय? पीडीएलसी दुधी होऊन बसेल, एसपीडी काळी होईल, इलेक्ट्रोक्रोमिक काच आहे तशीच बराच वेळ राहील. जिथे उन्हाळ्यात वीज जाते, तिथे पीडीएलसीची जोडणी इन्व्हर्टरवर घ्यावी लागते. तिला ती पारदर्शक असेपर्यंत सतत थोडी वीज लागते, इलेक्ट्रोक्रोमिकला मुख्यतः बदलाच्या वेळीच.

शोरूममधला दिवा

काचेच्या किंवा फिल्मच्या दुकानात एक प्रयोग हमखास दाखवतात. टेबलावर तांबूस दिवा, समोर साधी काच. तुम्ही काचेमागे हात धरता, चटका बसतो. मग साध्या काचेऐवजी फिल्म लावलेली काच ठेवतात. हात थंड. विक्रेता म्हणतो, “बघा साहेब, नव्याण्णव टक्के हीट कट!”

प्रयोग खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो दिवा जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात देतो. सूर्याचं तसं नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेत साधारण निम्माच भाग अवरक्त असतो, उरलेला बहुतेक दिसणारा उजेड. आणि उजेडही खोलीत शिरून भिंती-फरशीवर पडला, की त्याची उष्णताच होते. तेव्हा ‘आयआर कट’चा आकडा बाजूला ठेवा आणि एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते, तो ‘टीएसईआर’ विचारा. एकमधून एसएचजीसी वजा केला, की तोच मिळतो. ‘अतिनील किरण नव्याण्णव टक्के बंद’ याचंही फार अप्रूप नको. साधी लॅमिनेटेड काचही तेवढं करते.

दिशा, छज्जा आणि वारा

सगळ्या खिडक्यांना एकच काच लावणं हा खर्चिक आळस आहे. उत्तरेच्या खिडकीला आपल्या अक्षांशांवर फारसं थेट ऊन नाही. मे महिन्यात आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी उन्हाळ्यात दुपारी काच सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि हवंहवंसं ऊन आत येतं. छज्जा हे काम विजेशिवाय वर्षानुवर्षं करतो.

पूर्व-पश्चिमेला मात्र सूर्य छज्ज्याखालून शिरतो. इथे नियम एकच: ऊन काचेच्या बाहेर अडवलं, तर उष्णता बाहेरच राहते, आतल्या पडद्याने अडवलं, तर ती बरीचशी घरातच राहते. आपल्या जुन्या घरांतली ओसरी, लाकडी झडपा, वाळ्याचे ताटे, बांबूचे चिक हे सगळे बाहेरचे उपाय आहेत. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांच्या चौकटीत पातळ शिंपले बसवत. तिरीप मवाळ होऊन आत येई. खालच्या मजल्यांवर, बंगल्यात, गावच्या घरात आजही चिक किंवा झडप सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक.

वाऱ्याचाही विचार हवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या भागाचं प्रमाण फरशीच्या किमान एक षष्ठांश धरलं आहे. हाच दंडक एका खोलीला लावला, तर १२० चौरस फुटांना २० चौरस फूट उघडी जागा लागते. दोन ट्रॅकची २४ चौरस फुटांची स्लायडिंग खिडकी प्रत्यक्षात १२ चौरस फूटच उघडते. विजेवरची काच सरकत्या झडपेत बसवणं अवघड, कारण तारेला सारखी ओढ बसते. ती बंदिस्त किंवा बिजागरीच्या चौकटीत बसते. म्हणून स्मार्ट काचेच्या हट्टापायी उघडणारी खिडकी कायमची बंद करू नका. किनाऱ्यावरच्या शहरांत संध्याकाळचा वारा ही मोठी मिळकत आहे.

बसवण्याआधी

इलेक्ट्रोक्रोमिक काच बहुधा डीजीयूमध्ये, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचांच्या संचात येते. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. पाच मिलिमीटरच्या एकेरी काचेने आपली खिडकी २८ किलोंची होती. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचांनी ती ६७ किलोंवर जाते. जुना अॅल्युमिनियम सेक्शन आणि त्याच्या बिजागऱ्या हे पेलणार नाहीत. तेव्हा काचेसोबत चौकटीचंही दरपत्रक मागा.

आहे त्या काचेवर फिल्म लावणार असाल, तर आधी काच टफन आहे का ते पाहा. ऊन शोषणाऱ्या फिल्ममुळे साध्या काचेचा मधला भाग तापतो, सेक्शनमध्ये दडलेल्या कडा थंड राहतात आणि तो ताण वाढून कडेपासून तडा जातो. अर्धी काच छज्ज्याच्या सावलीत असेल, तर धोका आणखी वाढतो.

पावसाळा ही आपल्याकडची खरी परीक्षा. डीजीयूच्या कडेचं सील सुटलं, की आत बाष्प धरतं आणि ते पुसता येत नाही. तारेचा सांधा चौकटीत पाणी साचेल अशा जागी नसावा. इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप बदलत असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

वॉरंटी नीट वाचा: काचेची किती वर्षं, कंट्रोलरची किती, आणि पाच वर्षांनी तेवढीच काच बदलून कोण देणार? या क्षेत्रातली व्ह्यू ही बडी अमेरिकन कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. तंत्र चांगलं असूनही कंपनी अडचणीत येऊ शकते. म्हणून ॲप बंद पडलं तरी भिंतीवरच्या बटणाने काच चालली पाहिजे, हे लेखी घ्या.

तर मग स्मार्ट काच घ्यावी कुणी? ज्यांचं घर उंच मजल्यावर आहे, पश्चिमेला मोठी बंदिस्त काच आहे, वाऱ्या-पावसामुळे बाहेर चिक किंवा झडप टिकत नाही आणि समोरचं दृश्य गमवायचं नाही, त्यांनी इलेक्ट्रोक्रोमिक जरूर घ्यावी, तीही त्या एकाच भिंतीला. ज्यांना फक्त आडोसा हवा, त्यांनी पीडीएलसी. बाकी बहुतेकांचं काम बाहेरची सावली, उघडणारी खिडकी आणि कमी एसएचजीसीची साधी सोलर कंट्रोल काच एवढ्यात, फार कमी पैशांत होतं. ऑर्डर देण्याआधी एक रविवार घरी थांबा, कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.