बारा टक्के शोधताना गेलेला दिवस

सकाळी ९.४५ : सपोर्टकडून तिकीट आलंय. एका व्यापाऱ्याने सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतलेले तुपाचे डबे परत केले. बिलावर जीएसटी १२ टक्के होता, आमच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या क्रेडिट नोटवर ५ टक्के आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपाचा दर ५ टक्के झाला हे खरं, पण जुन्या बिलाचा माल परत आला की कर जुन्याच दराने वजा व्हायला हवा. काम तासाभराचं वाटतंय.

१०.१५ : स्टँडअप. "टॅक्सचं सगळं टॅक्स सर्व्हिसमध्येच आहे," एकाने सांगितलं. मॅनेजरने विचारलं, "मग आज होईल ना?" मी मान हलवली.

११.०० : टॅक्स सर्व्हिसमध्ये दर नाही. ती रूल इंजिनला विचारते, ते कॉन्फिग सर्व्हिसला विचारतं, आणि तिची फाइल ज्या रिपॉझिटरीत आहे तिचा अ‍ॅक्सेस मला नाही. रिक्वेस्ट टाकली. आमचे ग्राहक म्हणजे तालुक्याच्या गावचे घाऊक दुकानदार. एक अ‍ॅप्लिकेशन आणि एक डेटाबेस एवढ्यावर त्यांचं भागलं असतं. पण नेटफ्लिक्सकडे मायक्रोसर्व्हिसेस आहेत म्हटल्यावर आमच्याकडेही आल्या. प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये आपल्या व्हिडिओ-तपासणीच्या यंत्रणेचे सुटे भाग पुन्हा एकत्र आणले आणि तिचा खर्च ९० टक्क्यांनी उतरल्याचं जाहीर केलं. ती बातमी आमच्या ग्रुपवर फिरली, तिला अंगठेही मिळाले. पुढे काही झालं नाही.

१२.१५ : रीडमी उघडली. त्यात एकच ओळ: 'सेटअपसाठी टीमला विचारा.' विकीवरच्या आकृतीत बंद पडलेली एक सर्व्हिस आहे आणि चालू असलेल्या दोन नाहीत.

१.१५ : डबा. टेस्टिंगच्या मॅडम इथल्या सगळ्यात जुन्या. पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "अरे, क्रेडिट नोट त्या वाटेने जातच नाही. २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच्या घाईत कुणीतरी स्टोअर्ड प्रोसीजर लिहिली होती. ती बघ." सकाळभर जे सापडलं नाही ते डब्यावर कळलं. मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

२.०० : प्रोसीजर सापडली. बिल कोणत्या तारखेचं आहे हे न पाहता ती आजचा दर उचलते. वर कमेंट आहे: 'हे काढू नये.' का काढू नये, ते नाही. गिटमध्ये पाहिलं तर लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला, आणि कमिटचा मजकूर 'फिक्स'.

३.३० : फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरच्या गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले: एक कामातच असलेली, दुसरी आपण वाढवून ठेवलेली. दर कोणत्या तारखेला बदलला, जुन्या बिलाचं काय करायचं, ही पहिली. ती कायद्याने आली आहे, टळणार नाही. आज माझा वेळ जवळजवळ सगळा दुसरीने खाल्ला.

४.४५ : दुरुस्ती दोन ओळींची. दर मूळ बिलातूनच घ्यायचा. 'हे काढू नये'मुळे मात्र टेस्ट पुन्हा पुन्हा चालवल्या.

५.४५ : रिव्ह्यू. नव्याने लागलेल्या मुलाने विचारलं, "दादा, एवढी मोठी कमेंट कशाला? कोड वाचला की कळतंच की."

"काय केलंय ते कळेल. का केलंय ते कुठून कळणार?"

"पण अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशनला महत्त्व नसतं ना?"

२००१ चा अजाइल जाहीरनामा त्याला उघडून दाखवला. त्यात चालत्या सॉफ्टवेअरला भारंभार कागदपत्रांपेक्षा वरचं स्थान आहे, पण कागदपत्रांनाही मोल आहे हे शेवटी स्पष्ट म्हटलंय. तिथवर कुणी वाचत नाही.

६.३० : रीडमीत चार ओळी घातल्या: क्रेडिट नोटचा दर कुठून येतो, का येतो, कायदा काय म्हणतो, बदलायचं झाल्यास कुठे बदलायचं. दहा मिनिटं लागली. तुमच्याही कोडमध्ये फक्त तुम्हालाच ठाऊक असलेलं असं एखादं 'का' असेल. ते राजीनाम्यानंतरच्या नोटीस पीरियडसाठी ठेवू नका, आज निघण्याआधी लिहा.