"आजी मातीत आहे की स्वर्गात?"

लेखमाला : मुलांचे प्रश्न, आपली श्रद्धा – लेखांक 4

मागच्या आठवड्यात आपण मुलांना अंत्यविधीला न्यावे का, याचा विचार केला. समजा, नेले. सोलापुरातली पाच-सहा वर्षांची एखादी नात मोठ्यांचे पाहून आजीच्या कबरेत मूठभर माती टाकते. घरी प्रार्थनेच्या वेळी पाळक सांगतात, आजी प्रभूजवळ आहे. रात्री अंथरुणात ती आईला विचारते, "आजीला तर मातीत ठेवलं ना? मग ती देवाकडे कशी गेली?"

असे विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवू नका. तिने दोन्ही गोष्टी नीट ऐकल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे तिच्या ध्यानात आले आहे.

उत्तराची सुरुवात स्वर्गापासून करू नये; आधी मरण सांगावे. स्पीस आणि ब्रेंट या अभ्यासकांनी 1984 साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मरण समजणे म्हणजे तीन गोष्टी समजणे, असे त्यांनी मांडले : मेलेले माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काहीच करत नाही आणि मरण सगळ्यांना आहे. बहुतेक मुलांना हे पाच ते सात या वयात उमगते. त्याआधी "आजी झोपलीय" म्हटले, तर मूल ती उठायची वाट बघते, नाहीतर स्वतः झोपायला घाबरते. "देवाला आवडली म्हणून त्याने नेली" म्हटले, तर उद्या देवाला आईही आवडेल, ही धास्ती त्याच्या मनात बसते.

"पण बायबलातच मरणाला झोप म्हटले आहे," असे कोणी म्हणेल. खरे आहे. मात्र योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाचावा. लाजार झोपला आहे, असे येशू म्हणतो. शिष्यांना ती साधी झोप वाटते. तेव्हा येशू उघड सांगतो की लाजार मेला आहे. मोठ्या माणसांचा गैरसमज झाला, तर प्रभूने शब्द बदलला. चार वर्षांच्या लेकरासाठी आपण बदलू नये?

म्हणून आईने सांगावे : "आजी मेली. तिचं शरीर थांबलं. तिला आता भूक नाही, थंडी नाही, दुखत नाही. मातीत तिचं शरीर आहे. आजी स्वतः देवाच्या हाती आहे, असा आपला विश्वास आहे. आणि एक दिवस देव तिला नवं शरीर देईल."

हे 'नवं शरीर' मुलाला कसे समजावे? करिंथकरांस लिहिताना पौलाने पेरलेल्या दाण्याचा दाखला घेतला. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला तो परका नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरतात. टाकला तो दाणा मातीत संपतो. वर येते ते हिरवे ताट, दाण्यासारखे मुळीच न दिसणारे. मूल विचारेल, "आजी कधी उगवेल?" तेव्हा सांगावे, "तो दिवस देवालाच ठाऊक. शेतकरीही पेरलेलं उकरून बघत नाही."

दुसरा प्रश्न येतो तो शेजारच्या किंवा आजोळच्या अंत्यविधीवरून : "जाळलं तर देव कसा उठवेल?" इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगावी. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी अहमदनगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवण्यात आल्या. पुनरुत्थानावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. देवाचे सामर्थ्य माती आणि राख यांत अडत नाही.

आता रडण्याविषयी. "आजी स्वर्गात आहे, मग रडायचं कशाला?" हे वाक्य कितीही श्रद्धेने उच्चारले तरी मुलाला एकटे पाडते. लाजाराला आपण उठवणार, हे येशूला माहीत होते. तरीही लाजाराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तोही रडला. आशा असलेल्या घरातही डोळे भरून येतात, हे मुलाने बघावे.

पालकहो, आधी सत्य सांगा, मग मुलाजवळ बसून रडा आणि त्यानंतर आशा सांगा. लाजाराच्या मरणाच्या वेळी प्रभूने या तिन्ही गोष्टी केल्या. आपल्या घरात त्यांतली एकही गाळू नका.