उन्हाळी फुलांचे बी

माळव्यात पावलोपावली पाणी, अशी पूर्वापार ख्याती. तथापि १९९० साली देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे विसरता कामा नये. म्हणून हाटपिपल्यासारख्या गावी शाळेपुढील वाफ्यांत थोडक्या पाण्यावर फुलणारीच झाडे लावावीत. सदाफुली मूळची मादागास्करची, चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेचा, झिनिया मेक्सिकोची. तिघांनाही कडक ऊन मानवते.

बी फेब्रुवारीअखेर पेरावे. मात्र सर्वांस एकच नियम लावू नये. सदाफुलीचे बी अंधारात रुजते. त्यावर पाव इंच माती पसरून अंकुर दिसेपर्यंत वाफा झाकून ठेवावा. चिनी गुलाबाच्या धुळीसारख्या बियांना उजेड लागतो. त्या ओल्या मातीवर नुसत्या भुरभुराव्यात. झिनियाच्या रोपास उपटून लावणे फारसे सोसत नाही. तिचे बी जागेवरच टोकावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सदाफुलीची मुळे कुजतात. यास्तव मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे.

बी उगवले नाही की आपण बियाण्यास दोष देतो. पुष्कळदा दोष असतो तो पेरणाऱ्याचा. ज्याला उजेड हवा, त्यालाच त्याने मातीखाली दडपलेले असते. शिक्षकांनीही हे ध्यानी ठेवावे.