‘क्लाऊड’ म्हणजे काय?



नोंदी ‘क्लाऊडवर’ आहेत म्हटले की माणूस आभाळाकडे बघतो. पण त्या असतात जमिनीवरच, दूरच्या इमारतीतल्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांत. इंटरनेटवरून ते भाड्याने वापरणे, यालाच क्लाऊड म्हणतात.

पूर्वी विहिरीवर आपलेच ऑईल इंजिन असे. तेल आपले, दुरुस्ती आपली. पुढे वीज आली. मीटर फिरेल तेवढे बिल. क्लाऊडचेही तसेच. ॲमेझॉनने २००६ साली अशी सेवा विकायला काढली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात केंद्र सुरू केले.

फायदा असा की हंगामात काम वाढले तर जादा ताकद घ्यावी, पट्टा पडला की सोडून द्यावी. नक्कल दोन ठिकाणी ठेवली असेल, तर एका इमारतीला आग लागली तरी नोंद वाचते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेंज गेली की नोंद दिसत नाही, म्हणून वजनपावती जपून ठेवा. आणि पासवर्ड व ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ओळखीचा माणूस असला, तरी ती त्याच्या हाती देऊ नका.