कानांनी वाचायचे पान

दृष्टिहीन मनुष्य संगणकावरील मजकूर कसा वाचतो, याची डोळसांना बहुधा कल्पना नसते. त्याच्या संगणकात वा मोबाइलमध्ये ‘स्क्रीन रीडर’ नावाची एक योजना असते. पडद्यावरील मजकूर ती क्रमाने बोलून दाखवते. रेडिओच्या श्रोत्याप्रमाणेच हा वाचक कानांवर विसंबून असतो. मात्र पानाच्या दर्शनी रूपाशी ह्या योजनेला फारसे कर्तव्य नसते. त्यामागे जी अक्षरे नोंदलेली असतात, मुख्यतः तीच ती वाचते.

सगळी मेख येथेच आहे. मराठीचेच उदाहरण घ्यावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळसे मराठी लेखन निरनिराळ्या फॉन्टांत होई. पडद्यावर ‘क’ उमटे, पण संगणकाच्या दप्तरी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह नोंदलेले असे. डोळ्यांना सुबक देवनागरी, कानांना मात्र निव्वळ बडबड! कागदाचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर ठेवून देण्याची रीतही तशीच. सही-शिक्क्यासह परिपत्रक दिसते खरे. परंतु ते मुके चित्र असते, आणि अर्जाची अखेरची तारीख जाणून घेण्यासाठी दृष्टिहीन उमेदवाराला शेजाऱ्याची विनवणी करावी लागते.

उपाय अवघड नाहीत. चित्रामागे त्याचे एका ओळीत वर्णन लिहावे. मथळा नुसता ठळक न करता मथळा म्हणूनच नोंदवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते. पान मराठीत आहे हेही नोंदवावे, नाहीतर ते परक्या उच्चारांत वाचले जाण्याचा संभव असतो. ज्याच्या हातांना कंप आहे त्याला माऊस आवरत नाही; त्याचे काम केवळ कळफलकावर भागले पाहिजे. ऐकू न येणाऱ्यासाठी चित्रफितीखाली शब्द हवेत. मंद दृष्टीच्या माणसासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 आणि 1 असे प्रमाण असावे, असे आंतरराष्ट्रीय संकेत सांगतात. ह्या संकेतांची पहिली आवृत्ती 1999 साली निघाली. पान रचतानाच हे केले तर खर्च थोडा. इमारत उठल्यावर पायऱ्या फोडून उतरण बांधणे महागच पडते.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही सोय कर्तव्य ठरवली. तरीही बँकेत खाते उघडताना, ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटण्याची अट येई. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे व पापण्या जळून गेल्या, त्यांनी काय करावे? अशा पीडितांचे आणि एका दृष्टिहीन नागरिकाचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय. आणि समोरचा मनुष्य जिवंत आहे हे पडताळण्यासाठी पापण्या मिटण्याखेरीज अन्य मार्गही खुले ठेवण्यास सांगितले.