जेटीवरची जळक्या ऑइलची टाकी काढण्याआधी



जेटीवरची जळक्या ऑइलची टाकी खालून गंजली आहे. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्याच काळात ती काढायचं आम्ही ठरवलं आहे. बैठकीत बऱ्याच जणांनी विचारलं, भंगारवाला टाकीसकट सगळं उचलतो, वर पैसेही देतो, मग एवढा घोळ कशाला?

इंजिनातून काढलेलं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. त्याचा परवाना संस्थेच्या नावावर आहे. भंगारवाल्याने ते उद्या खाडीत ओतलं तर जाब संस्थेला, म्हणजे आपल्यालाच द्यावा लागेल. शिवाय साठा बंद करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायची, अशी अट परवान्यातच असते. त्यामुळे आधी अर्ज, परवानगी आल्यावर काम.

ऑइल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जाईल. सोबत सात प्रतींचं मॅनिफेस्ट असतं. पिवळी प्रत आपल्याकडे राहते आणि माल पोचल्यावर निळी प्रत त्यांच्याकडून परत येते. ती येईपर्यंत काम संपलं असं आम्ही धरणार नाही. टाकीतलं पिंपात भरून कोपऱ्यात ठेवू, असंही चालत नाही; साठवणुकीला साधारण 90 दिवसांची मर्यादा आहे. तळाचा गाळ आणि टाकी धुतलेलं पाणीसुद्धा घातक कचराच. ते गटारात सोडायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाळ काढायला कुणीही टाकीत उतरू नये. खलाशांना, विशेषतः नवीन पोरांना, हे मालकांनी स्वतः सांगावं. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना आतला ऑक्सिजन खाल्ला जातो, त्यात ऑइलची वाफ कोंडलेली असते. वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असं नसतं. माणूस आत गेला की आवाज न करता कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा धावला की तोही पडतो. रिकाम्या टाकीला गॅस कटर लावणंही तितकंच वाईट, कारण उरलेली वाफ पेट घेते. हवा मोजायचं यंत्र, पट्टा-दोरी आणि बाहेर उभा माणूस असलेल्या ठेकेदारालाच हे काम द्यायचं.

टाकी धुऊन स्वच्छ झाल्यावरच तिचं भंगार होईल. खालची काळी झालेली मातीही खणून वेगळी पाठवावी लागेल.

होडीच्या तळाला लावायला म्हणून काही जण टाकीतून डबाभर ऑइल नेतात. जुनी सवय आहे, कळतं. पण रजिस्टरातला साठा आणि मॅनिफेस्टवरचा आकडा जुळायला हवा, म्हणून आता डबा मिळणार नाही.

नवीन सोय होईपर्यंत ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा आणि त्यात बोटीच्या तळाचं पाणी मिसळू नका. मार्चअखेरचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत मंडळाला द्यायचं असतं, म्हणून ज्यांच्या नोंदी राहिल्या आहेत त्यांनी या आठवड्यात कार्यालयात येऊन जावं.