वंशावळ

एखाद्या कुळातील व्यक्तींची मूळ पुरुषापासून पिढ्यांच्या क्रमाने केलेली मांडणी म्हणजे वंशावळ. जुन्या कागदपत्रांत तिला पेढीनामा किंवा कुर्सीनामा अशीही नावे आढळतात. वंशावळीच्या जोडीला कुळाचे मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, स्थलांतरे आणि नामवंत व्यक्तींची चरित्रे दिली, म्हणजे कुलवृत्तांत सिद्ध होतो. पूर्वजांविषयीच्या आदरभावातून वंशावळी लिहिल्या जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नसला, तरी अपुरा आहे. बहुतेक जुन्या वंशावळी कोणता तरी हक्क शाबीत करण्याच्या निमित्ताने तयार झालेल्या असतात : वतनाचा, जमिनीचा, श्राद्धाचा, जातीचा अथवा विवाहाचा. वंशावळ कोणापुढे आणि कशासाठी मांडली गेली, यावर तिच्यात कोणाची नावे आली व कोणाची गळली हे अवलंबून असते.

राजकुलांच्या वंशावळी हे याचे ठळक उदाहरण होय. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकाच्या प्रसंगी भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदिया घराण्याशी जोडणाऱ्या वंशावळीला विशेष महत्त्व आले. तंजावर येथे दुसरे सरफोजी यांच्या कारकीर्दीत भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरण्यात आला (१८०३). मात्र सामान्य कुटुंबांच्या वंशशोधाला या भव्य लेखांचा फारसा उपयोग नाही. त्याची साधने गावोगावच्या दप्तरांत, तीर्थक्षेत्रींच्या वह्यांत आणि लोकव्यवहारात विखुरलेली असतात. ती कशी वापरावयाची, हे पनवेलसारख्या एकाच तालुक्याच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. कारण तेथे वतनदार व इनामदार घराणी, आगरी आणि कोळी शेतकरी-मच्छीमार कुटुंबे, बेने इस्राएल समाज आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील कातकरी यांचा शेजार असून प्रत्येकाच्या वंशस्मृतीचे साधन निराळे आहे.

प्रथम एक व्यावहारिक अडचण. पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे आणि हा जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जाई. परंतु १८८३ पर्यंत पनवेल हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या मुलकी नोंदींचा माग काढताना कुलाब्याच्या दप्तरात काही न मिळाल्यास नोंदच नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. दुसरी अडचण लिपीची. पेशवाईतील कागद तर मोडीत आहेतच, पण इंग्रजी अमदानीतील गावपातळीवरच्या नोंदीही बऱ्याच अंशी मोडीतच आहेत. कालगणनाही एकसारखी नाही. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९). शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, तर दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. वर्षाचा आरंभ निरनिराळ्या ऋतूंत होत असल्याने एका वर्षाचा फरक पडतो आणि तेवढ्यावरून मुलाचा जन्म बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी झाल्याचे चमत्कार वंशावळींत घडतात.

वतनदार घराण्यांच्या बाबतीत साधनसामग्री विपुल असते, कारण भांडणे विपुल असत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी इत्यादी वतनांचे वाद गोतसभेपुढे किंवा सरकारात चालत. प्रत्येक पक्ष आपला ‘करीना’ म्हणजे घराण्याची हकीकत सादर करी आणि निवाड्याचा महजर साक्षीदारांच्या निशाण्यांसह लिहिला जाई. इंग्रजी राजवटीत १८५२ च्या अकराव्या कायद्यानुसार इनामांची चौकशी झाली, तेव्हा इनामदारांना आपल्या हक्कांचे व वारशाचे पुरावे पुन्हा सादर करावे लागले. १८७४ च्या वतन कायद्यानेही वतनदार कुटुंबांच्या शाखांची नोंद आवश्यक केली. पुण्याच्या पेशवे दप्तरात व मुंबईच्या पुराभिलेखागारात हे साहित्य आहे. ते वापरताना एक गोष्ट विसरता कामा नये. करीन्यातील मूळ पुरुषाविषयीचा मजकूर बहुधा सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी विश्वसनीय असतो. वाद ज्या दोन-तीन पिढ्यांत पेटला, त्यांविषयीची माहिती मात्र प्रतिपक्षाने तपासलेली असल्याने बरीच खात्रीची असते.

पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांच्या घराण्याचा वृत्तांत या दृष्टीने बोलका आहे. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. ज्या घराण्यातील पुरुष सरकारी अधिकारावर होता, त्याचे नाव कागदात शिरले. त्याच गावातील इतरांच्या आजोबांची नावे तशी शिरली नाहीत. विसाव्या शतकात चित्पावन, कऱ्हाडे इत्यादी ज्ञातींतील अनेक आडनावांचे कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत साधारणतः सारखी असते. एकाच आडनावाच्या कुटुंबांकडे छापील प्रश्नावली धाडून मिळालेली माहिती मूळ गाव व गोत्र यांनुसार जुळविली जाते. जी घराणी जुळत नाहीत, ती वेगळी देण्यात येतात. हा विभाग वाचक सहसा चाळतही नाहीत. परंतु संपादकाचा प्रामाणिकपणा जोखावयाचा तर तो तेथेच. सर्व घराणी एकाच मूळ पुरुषाला नेऊन भिडविणारा कुलवृत्तांत संशयानेच वाचावा.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे दोनच नावे आलटूनपालटून सहा-सात पिढ्या चालतात आणि मधली एखादी जोडी सहज गळून पडते. पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरून एकूण काळाशी ताळा केला, म्हणजे अशी गळती उघडकीस येते. दत्तकविधानाने मुलगा एका शाखेतून दुसरीत जातो. त्याची खूण न केल्यास तो दोन्हीकडे मोजला जातो. नाना, तात्या, बापू यांसारखी घरगुती नावे कागदातील नावांशी जुळविण्यासाठी घरातील वृद्धांनाच विचारावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची रूढी असल्याने माहेरच्या वंशावळीतील लेक आणि सासरच्या वंशावळीतील सून ही एकच व्यक्ती आहे, हे कागदावरून कळत नाही. वतनाच्या कागदांत तर मुलींना बहुधा स्थानच नाही.

या बाबतीत नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या अधिक उदार आहेत. यात्रेकरूंचे गाव वा ज्ञाती यांनुसार उपाध्यायांची घराणी ठरलेली असून, येणारा यजमान आपल्या व आपल्या भाऊबंदांच्या नावांचा लेख त्यांच्या वहीत करून देतो. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही आणि मातामह यांचाही उच्चार करावयाचा असल्याने आई, आजी, पत्नी व आजोळची माणसे यांची नावे अशा लेखांत येण्याचा संभव पुष्कळ असतो. शिवाय एखाद्याचा पणजा नाशिकास गेला असल्यास त्याने त्या दिवशी स्वतः सांगितलेली नावे तेथे मिळतात. त्यावेळी मालमत्तेचा प्रश्न समोर नव्हता, हे या नोंदींचे मोठे बळ होय.

पुराव्याच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमानुसार मृत व्यक्तींनी नात्यासंबंधी केलेली विधाने, तसेच कौटुंबिक वंशावळ, मृत्युपत्र किंवा थडग्यावरील लेख यांतील मजकूर ग्राह्य धरला जाई. मात्र तो वाद उपस्थित होण्यापूर्वीचा असावा लागे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ही अट कायम ठेवली आहे. दावा लागल्यावर वकिलाच्या कचेरीत काढलेली सुबक वंशावळ आणि जुन्या पोथीच्या मागील कोऱ्या पानावर कोणी तरी टिपून ठेवलेली जन्मतिथी यांत दुसरीचे मोल अधिक असते ते यामुळेच.

शेतकरी कुटुंबांचा वंशशोध मुख्यतः महसुली नोंदींवर चालतो. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. खातेदार मृत झाल्यावर त्याच्या वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते. तीवरून फेरफार (गाव नमुना ६) लिहिला जातो व तो मंजूर झाल्यावर सातबाराच्या उताऱ्यावर नावे चढतात. उताऱ्यावरील वर्तुळात दिलेले फेरफार क्रमांक मागे मागे वाचीत गेल्यास नातवापासून आजोबांच्या आजोबांपर्यंत पोहोचता येते. परंतु या वाटेवर एक फसवे वळण आहे. वडील मरण पावल्यावर पुष्कळदा एकट्या थोरल्या भावाचे नाव ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागे आणि धाकट्यांची नावे मूळ फेरफारातच राहात. दोन पिढ्यांनंतर ती तीन अक्षरे नवीन उताऱ्यावर उतरवायची राहिली, की थोरल्याची शाखा मालक व धाकट्यांची शाखा उपरी ठरते. बहिणींचे नाव तर वारसांत घेतलेलेच नसे, किंवा घेऊन हक्कसोड पत्राने कमी केलेले असे.

पनवेल परिसरात हा प्रश्न विशेष तीव्र झाला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ भूधारकांना देण्याची योजना आली. भूखंड मिळण्याची वेळ येईतो अनेक मूळ खातेदार हयात नव्हते आणि एका नावाच्या जागी अनेक वारस उभे होते. त्यांतील कोण मूळ खातेदाराचा वंशज, हे ठरविण्यासाठी न्यायालयाच्या वारसदाखल्याची गरज पडू लागली. हे दाखले आजही मुंबई विनियम ८, सन १८२७ या जुन्या विनियमान्वये दिले जातात. आजवर ज्या घरांत वंशावळ कोणी लिहिली नव्हती, त्या घरांत ती शपथपत्रावर लिहिली गेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलींना वारसा मिळाला होता. महाराष्ट्रातील १९९४ ची दुरुस्ती व २००५ ची केंद्रीय दुरुस्ती यांनी त्यांना सहदायकाचा दर्जाही दिला. परिणामी लग्न होऊन दूर गेलेल्या आत्यांची नावे, कधी नाखुषीने का होईना, या वंशावळींत घालावी लागली.

लिखित आधार संपतो तेथे लोकाचाराचा आधार घ्यावा लागतो. आगरी व कोळी समाजांत भावकी कोणती, हे गावात सर्वांना ठाऊक असते. कार्ल्याच्या एकवीरेसारख्या कुलदैवताच्या मानपानात कोणाचा कोणता क्रम, देवघरातील टाक कोणत्या घरात आहेत, आणि विशेषतः कोणाच्या मृत्यूचे सुतक कोण पाळतो, यांवरून नाते कळते. ज्यांची फारकत होऊन जमिनीची भांडणे तीन पिढ्या चालली आहेत, ती घराणीही दहा दिवस सुतक धरतात. अशा साक्षीने पिढ्यांची नेमकी संख्या मिळत नाही, पण रक्तसंबंध आहे की नाही, हे ठरते.

बेने इस्राएल समाजाची गोष्ट निराळी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली उत्पत्ती झाली, अशी त्यांची परंपरा आहे. कोकणात ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे पूर्वजांच्या गावांवरून पडली असल्याने आडनाव हाच त्यांच्या वंशशोधाचा पहिला दुवा होय. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पनवेलमध्ये १८४९ पासून बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांतील थडग्यांचे लेख आणि विवाहाचे करारपत्र (केतुबा) ही या समाजाची विश्वसनीय साधने ठरतात.

या नोंदींची कसोटी परदेशात लागली. १९४८ नंतर समाजातील पुष्कळ कुटुंबे इझ्राएलमध्ये गेली. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये असा आदेश काढला, की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईच्या बाजूचे पूर्वज शक्य तितके मागेपर्यंत तपासावेत. ज्यू धर्मशास्त्रात धर्म आईकडून येतो. कोकणातील स्मृती व आडनावे मात्र बापाकडून चालत आली होती. आजीची आजी कोण, हे सांगणारा कागद कोणाकडे असणार? समाजाने उपोषणे व निदर्शने केली आणि अखेर १९६४ मध्ये इझ्राएल सरकारने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच असल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळून आले. अशा तपासणीने लोकसमूहांचा पूर्वेतिहास कळतो. एखाद्या कुटुंबातील दोन पिढ्यांमधला हरवलेला दुवा सापडण्यास मात्र नावनिशीची नोंदच लागते.

अलीकडे वंशावळीची सर्वाधिक मागणी जातीच्या दाखल्यासाठी होते. अर्जदाराला आपला संबंध ठरावीक दिनांकापूर्वीच्या पूर्वजाशी दाखवावा लागतो; अनुसूचित जमातींसाठी हे वर्ष १९५० व इतर मागासवर्गांसाठी १९६७ आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. शाळेचे जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ही दोन साधने त्यामुळे सर्वपरिचित झाली. पनवेलच्या डोंगरपायथ्याच्या कातकऱ्यांना मात्र यांपैकी शाळेचा आधार जुन्या पिढीसाठी सहसा मिळत नाही, आणि जमीन नसल्याने फेरफारही नाही. कोळशाच्या व वीटभट्ट्यांच्या कामासाठी वाडी सोडून जावे लागत असल्याने एकाच कुटुंबातील नोंदी निरनिराळ्या गावांत पडलेल्या असतात. त्यांच्यासाठी कोतवाल बुकाची पाने एकेका गावी जाऊन पाहावी लागतात. कारण गावाच्या हद्दीत जन्मलेल्या व मेलेल्या माणसाचे नाव त्या वहीत जातीसह लिहिले जाई, मग त्याच्या नावावर जमीन असो वा नसो.